जठराचा कर्करोग : एका उशिराचा इतिहास



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह आणि वंशावळी यांची अपेक्षा असते. रोगांनाही इतिहास असतो, हे आपण सहसा विसरतो. पटकी, देवी, प्लेग यांच्या कथा निदान आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून आपल्यापर्यंत आल्या, कारण त्या रोगांनी गावेच्या गावे उठविली. जठराच्या कर्करोगाचे तसे नाही. तो एकेका घरात, एकेका माणसाला मुकाट्याने गाठतो आणि पुष्कळदा 'पोटाच्या विकाराने निधन' एवढीच त्याची नोंद उरते. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये याच रोगाचा पहिला क्रमांक होता. अमेरिकेतील पुरुषांत १९३०च्या सुमारास दुसऱ्या कोणत्याही कर्करोगापेक्षा याचे बळी अधिक होते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे ९ लाख ६८ हजार माणसांना हा रोग नव्याने जडतो आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसे त्याने दगावतात.

या रोगाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहताना माझ्या मनात एक विचार दृढ होत गेला आहे. तो आरंभीच सांगून टाकतो. हा रोग जगाच्या बऱ्याच भागांत ओसरला, पण त्याचे मोठे श्रेय वैद्यकाकडे जात नाही. आणि जेथे वैद्यकाला खरे यश आले, तेथे ते शस्त्राच्या धारेपेक्षा वेळेवर पाहण्यामुळे आले.

प्रथम अवयवाविषयी दोन शब्द. जठर ही एक लवचीक पिशवी आहे. तिच्या आतील अस्तरात उगवलेली गाठ बाहेरून हाताला लागत नाही, दुखत नाही आणि पिशवी ताणली जात असल्याने बराच काळ अडथळाही करीत नाही. पुढे जी लक्षणे दिसतात ती इतकी घरगुती असतात की त्यांना कोणी रोग म्हणत नाही : थोडे खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटणे, मळमळ, वरच्या पोटात जडपणा, अन्नावरची वासना उडणे. आपल्याकडे या साऱ्याला 'पित्त झाले आहे' हे एकच उत्तर असते. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे आणि पोटातील गुल्माचे वर्णन आहे आणि त्यांतून आजचा जठराचा कर्करोग शोधून काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला हा मोह धोक्याचा वाटतो. मृत्यूनंतर पोट उघडून पाहण्याची पद्धत जोवर रूढ झाली नव्हती, तोवर आत काय आहे हे ना आपल्या वैद्याला ठाऊक होते, ना ग्रीक वैद्याला, ना अरबी हकिमाला. लक्षणे त्यांनी मोठ्या बारकाईने टिपली, पण ती कोणत्या रोगाची हे ठरविण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते.

ते साधन युरोपात हळूहळू रूढ झाले आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण सेंट हेलेना बेटावरचे. ५ मे १८२१ रोजी नेपोलियन बोनापार्ट वयाच्या ५१व्या वर्षी तेथे मरण पावला. आदल्या काही महिन्यांपासून पोटातील कळा, ओकाऱ्या आणि झपाट्याने येणारी अशक्तता चालू होती. त्याच्या वडिलांचा, कार्लो यांचा, मृत्यू १७८५ साली फ्रान्समधील माँपेलिये येथे झाला होता आणि त्यांच्या शवविच्छेदनात जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ आढळल्याची नोंद होती. हे नेपोलियनला पक्के ठाऊक होते. आपल्या मृत्यूनंतर जठर विशेष लक्ष देऊन तपासावे आणि जे दिसेल ते आपल्या मुलाला कळवावे, असे त्याने आपला डॉक्टर आंतोमार्की याला बजावले होते. रोग घराण्यात चालतो अशी शंका एका मुलाला आली आणि बाप म्हणून ती आपल्या मुलापर्यंत पोहोचवावी असे त्याला वाटले. वैद्यकाच्या इतिहासाच्या दृष्टीने मला ही गोष्ट त्याच्या कित्येक विजयांपेक्षा मोठी वाटते.

दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश डॉक्टरांच्या उपस्थितीत शवविच्छेदन झाले. जठराचा बराच भाग कठीण आणि व्रणयुक्त होता, एके ठिकाणी आरपार भोक पडले होते आणि यकृत त्याला चिकटल्याने ते बुजले होते. आत कॉफीच्या गाळासारखा काळपट द्रव होता. जठरातील रक्तस्रावाची ही खूण आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकविली जाते. एवढे स्पष्ट दिसूनही वाद मिटला नाही, कारण वाद वैद्यकाचा नव्हताच. यकृताचा विकार ठरला तर दोष त्या बेटाच्या हवेवर आणि पर्यायाने त्याला तेथे ठेवणाऱ्या इंग्रजांवर जाणार होता, तर जठराचा विकार ठरला तर इंग्रज मोकळे होत होते. पुढे १९६१ साली सोमलाच्या विषप्रयोगाची कल्पना निघाली आणि तिने वर्तमानपत्रांची कित्येक पाने भरली. २००७ साली काही संशोधकांनी मूळ वर्णनांची आजच्या ज्ञानाशी तुलना केली आणि पुढच्या अवस्थेला गेलेला जठराचा कर्करोग हेच कारण त्यांना सर्वांत सयुक्तिक वाटले. मलाही ते पटते.

नेपोलियननंतरच्या पिढीत पॅरिसच्या क्रुव्हेल्हिए याने जठराचा साधा व्रण आणि कर्करोग हे दोन वेगळे विकार असल्याचे सचित्र दाखविले. १८४८ साली बर्लिनच्या फिरखोव्हने पोटातील कर्करोग डाव्या गळपट्टीच्या हाडामागील ग्रंथीत उतरतो, हे नोंदविले. ती ग्रंथी हाताला लागली तर रोग फार दूर गेला असे आजही समजतात. परंतु ही सारी विद्या मृत्यूनंतरची किंवा मृत्यूच्या उंबरठ्यावरची होती. जिवंत माणसाच्या उपयोगी पडेल असे तीत काही नव्हते.

शस्त्रक्रियेचे धाडस १८७९ साली पॅरिसला झाले. ज्यूल पेआँ याने जठराचे खालचे तोंड गाठीसह कापून काढले. रोगी पाचव्या दिवशी गेला. १८८० साली पोलिश शल्यविद् रिडिगिएर याचा रोगी बारा तासांत दगावला. तिसरा प्रयत्न व्हिएन्नातील थिओडोर बिलरोथ याचा, २९ जानेवारी १८८१चा. रोगी ४३ वर्षांची स्त्री, आठ मुलांची आई. कित्येक आठवडे तिच्या पोटात आंबट दुधाखेरीज फारसे काही ठरत नव्हते. क्लोरोफॉर्म देऊन, कार्बोलिकने जंतुशुद्धी करून, सुमारे दीड तासात त्याने गाठीचा भाग काढला आणि उरलेले जठर लहान आतड्याच्या आरंभाला रेशमी टाक्यांनी जोडले. ती बाई वाचली. काही दिवसांत ती जेवू लागली आणि घरी गेली.

हे काम हातच्या धाडसाचे होते, तसेच तयारीचे होते. बिलरोथच्या शिष्यांनी, गुसेनबाउअर आणि विनिवार्टर यांनी, कुत्र्यांवर असे प्रयोग करून १८७६ साली प्रसिद्ध केले होते. शिवाय व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील कित्येक दशकांच्या शवविच्छेदनांच्या नोंदवह्या चाळून त्यांनी एक शोध लावला होता : जठराच्या कर्करोगाने मेलेल्या अनेक माणसांत रोग जठराबाहेर गेलेलाच नव्हता. म्हणजे ही माणसे वाचू शकली असती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून पाहावे, असे मी सुचवितो. जुन्या दप्तरातून मेलेल्यांच्या नोंदी काढून जिवंतांसाठी आशा शोधली गेली, ती अशी. बिलरोथ हा पियानो उत्तम वाजवी, ब्राम्स या संगीतकाराचा तो जिवलग मित्र होता आणि आपल्या अपयशांचे आकडे छापण्याची सचोटी त्याच्यात होती. तिसरा गुण आजही दुर्मीळ आहे.

पण त्या बाईचे पुढे काय झाले? चार महिन्यांनी, मे १८८१मध्ये, रोग उलटून ती गेली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि रोगी हरला. १८९७ साली झ्यूरिकच्या श्लाटरने संपूर्ण जठर काढले. ती रुग्णाही जठरावाचून वर्षभराहून थोडे अधिक जगली. माणूस जठराशिवाय जेवू शकतो, हे त्याने सिद्ध झाले. परंतु पुढची साठ-सत्तर वर्षे चित्र तेच राहिले. भूल सुधारली, रक्त देण्याची सोय झाली, शस्त्रक्रियेनंतर दगावण्याचे प्रमाण घटले, पण पोट उघडेपर्यंत रोग पुढे निघून गेलेला असे.

तेव्हा प्रश्न पाहण्याचा होता. १८६८ साली फ्रायबुर्गच्या कुसमाउलने जत्रेत तलवार गिळणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ ताठ नळी जठरात उतरविली. नळी गेली, पण उजेड पुरेना. बिलरोथचाच शिष्य मिकुलिच याने १८८१ साली आणि म्युनिकच्या शिंडलरने १९३२ साली अधिक चांगल्या नळ्या केल्या. क्षकिरणांच्या शोधानंतर बेरियमचा पांढरा लगदा पाजून जठराची छाया पाहता येऊ लागली. १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि त्यांचे सहकारी नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळवून नेता येते असे दाखविले. कपानी हे पंजाबात जन्मलेले आणि आग्र्याला शिकलेले. त्या आधारावर अमेरिकेत हिर्शोविट्झने १९५७ साली वाकणारी दुर्बीण केली आणि ती प्रथम स्वतः गिळून पाहिली. आज आपण जिला एंडोस्कोपी म्हणतो, तिची वंशावळ ही अशी आहे.

या साधनाचा खरा अर्थ मात्र जपानने ओळखला. त्या देशात हा रोग इतका होता की तो जणू राष्ट्रीय संकटच होता. १९५० साली टोकियोतील तरुण शल्यविद् उजी तात्सुरो आणि ऑलिंपस कंपनीचे तंत्रज्ञ यांनी जठरात उतरणारा इवलासा कॅमेरा तयार केला. अंधाऱ्या खोलीत नळी उतरवावयाची, टोकाशी दिवा चमकला की पोटाच्या कातडीवर त्याचा उजेड कोठे दिसतो त्यावरून कॅमेऱ्याची जागा ओळखावयाची आणि आंधळेपणानेच छायाचित्रे घ्यावयाची. फिल्म धुतल्यावर कळे, काय दिसले ते. हसू यावे असा हा खटाटोप. पण त्यातून जपानी डॉक्टरांनी हजारो जठरांच्या अस्तराची चित्रे जमविली आणि कापलेल्या जठरांशी ती ताडून पाहिली. त्यातून त्यांना दिसले की गाठ होण्यापूर्वी अस्तरावर केवळ किंचित उंचवटा, फिकटसा डाग किंवा उथळ खळगा एवढेच असते. १९६२ साली त्यांच्या एंडोस्कोपी संघटनेने व्याख्या ठरविली : कर्करोग अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरात मर्यादित असेल तर तो 'आरंभीचा कर्करोग'. अशा अवस्थेत सापडलेल्यांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक पाच वर्षांनंतर जिवंत राहतात. पुढच्या अवस्थेत, रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर, हाच आकडा दहाच्याही खाली जातो. रोग तोच, शस्त्रही तेच. अंतर फक्त काळाचे.

१९६०पासून मियागी प्रांतात क्षकिरणयंत्र बसविलेल्या मोटारी गावोगाव फिरू लागल्या, १९८३ साली ही तपासणी कायद्याने देशभर आली आणि अलीकडे तिला एंडोस्कोपीची जोड मिळाली. १९८०च्या दशकापासून अगदी आरंभीचा कर्करोग पोट न उघडता, दुर्बिणीतूनच खरवडून काढण्याचे तंत्रही तेथेच वाढले. बिलरोथने जे दीड तासात पोट फाडून केले, त्याचा एक भाग आता तोंडावाटे होतो.

आता कारणांकडे वळू. येथे इतिहास थोडा विनोदी आहे. कोपनहेगनच्या योहानेस फिबिगर याला उंदरांच्या जठरात एक सूत्रकृमी आणि त्याच्याजवळ गाठी आढळल्या. झुरळांतून हा कृमी उंदरांत जातो आणि कर्करोग घडवितो, असे त्याने १९१३ साली मांडले आणि त्याला १९२६चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळले की त्या गाठी कर्करोगाच्या नव्हत्या. उंदरांच्या आहारात 'अ' जीवनसत्त्व कमी असल्याने आणि कृमींच्या चिडीने अस्तर जाड झाले होते. ज्या यामागिवा यांनी १९१५ साली सशाच्या कानाला डांबर चोळून खरा कर्करोग निर्माण केला होता, त्यांना पारितोषिक मिळालेच नाही. जठराच्या कर्करोगामागे एखादा सजीव असू शकतो ही कल्पना फिबिगरच्या फजितीमुळे मागे पडली असेल काय, असा विचार माझ्या मनात येतो. कारण सजीव तेथे खरोखरच होता! १८९३ साली बिझोझेरोने कुत्र्याच्या जठरात आणि १९०६ साली क्रिएनिट्झने जठराच्या कर्करोगाच्या रोग्यात नागमोडी जंतू पाहिले होते. परंतु जठरातील आम्लात जंतू जगूच शकत नाही, हे गृहीत इतके पक्के होते की दिसलेलेही कोणाला दिसले नाही.

ते दिसले ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे. रोगनिदानतज्ज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९पासून जठराच्या सुजलेल्या अस्तराच्या तुकड्यांत हे जंतू वारंवार आढळत होते. १९८१ साली तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाला. जंतू काचेच्या बशीत वाढविण्याचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही तर बशी फेकून देण्याची प्रयोगशाळेची रीत होती. १९८२च्या ईस्टरच्या जोडसुट्टीमुळे काही बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतू उगवले. १९८४ साली मार्शलने त्या जंतूंचा द्राव स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. येथे एक स्पष्टीकरण हवे. या प्रयोगाने सूज सिद्ध झाली, व्रण किंवा कर्करोग नव्हे. कर्करोगाचे पुरावे लोकसंख्येच्या अभ्यासांतून सावकाश आले. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविला. २००१ साली जपानमधील उएमुरा यांनी १,५२६ रोग्यांचा सरासरी पावणेआठ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला : जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना कर्करोग झाला, जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले. या वेळी ते योग्य ठिकाणी पडले.

जंतू हे एकटे कारण नव्हे, हे वरच्याच आकड्यांवरून दिसते; शंभर बाधितांपैकी दोन-तीनच रोगी होतात. कोलंबियाच्या डोंगराळ भागात काम करणारे पेलायो कोरेया यांनी १९७५ साली, जंतूचा पत्ताही नसताना, या रोगाची पायरीपायरीची वाट दाखविली होती : दीर्घकाळची सूज, अस्तराचा ऱ्हास, त्याचे आतड्यासारख्या अस्तरात रूपांतर, पेशींची बिघडती रचना आणि अखेर कर्करोग. या वाटेला वीस-तीस वर्षे लागतात. जंतू बहुधा बालपणीच, दाटीच्या घरात आणि अशुद्ध पाण्यातून शिरतो. खारवलेले आणि धुरावलेले अन्न, ताज्या फळभाज्यांची वाण आणि तंबाखू त्याला पुढे रेटतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांत या रोगाचे प्रमाण जास्तच राहिले, पण तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत ते घटले, हे १९६८ सालीच दिसून आले होते. घरोघर शीतपेट्या आल्या, मीठ लावून अन्न टिकविण्याची गरज संपली, नळाचे स्वच्छ पाणी आले, कुटुंबे लहान झाली आणि रोग आपोआप उतरू लागला. अमेरिकेत हा उतार १९३०नंतर सुरू झाला, तेव्हा जंतूचे नाव नव्हते आणि त्यावरचे औषधही नव्हते. एखादी लढाई जिंकावी आणि जिंकणाऱ्याला ती चालू होती हेच ठाऊक नसावे, असा हा प्रकार आहे.

आपल्या देशाचे काय? कर्करोगाविषयीच्या शास्त्रशुद्ध कामाचा आपल्याकडील पाया १९४१ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या प्रयोगशाळेत घातला गेला. लोकांच्या चालीरीती आणि त्यांचे कर्करोग यांचा संबंध जोडून पाहण्याची दृष्टी, विशेषतः तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांविषयी, त्यांनी दिली. १९६३ साली मुंबईत देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि १९८२पासून राष्ट्रीय नोंदणी. त्यांतून एक कोडे पुढे आले. भारतात जंतूची बाधा फार मोठ्या प्रमाणावर आहे, पण त्या मानाने जठराचा कर्करोग कमी. कोणी आपल्या आहाराला श्रेय देतात, कोणी जंतूच्या प्रकाराला. हळदीला श्रेय देण्याची घाई मी करणार नाही, तशीच लोणच्या-पापडांवर खटला भरण्याचीही नाही. शिवाय 'भारत' हा एक आकडा नव्हेच. चेन्नईत हा रोग मुंबईपेक्षा अधिक, काश्मीरमध्ये अधिक आणि मिझोराममध्ये तर फारच अधिक. मिझोरामात धुरावलेले मांस, डुकराच्या चरबीचे 'सा-उम' हे आंबविलेले पदार्थ आणि तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेले 'तुइबूर' यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. प्रमाण कमी म्हणून संख्या कमी होत नाही. आपल्या देशात दरवर्षी साठ हजारांहून अधिक नवे रोगी होतात आणि त्यांतील बहुसंख्य रोग पुढे गेल्यावरच शल्यविदापर्यंत पोहोचतात.

उपचारांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा इतिहास अजून लिहिला जात आहे. जठरासोबत आसपासच्या ग्रंथी किती काढाव्यात, यावर जपान आणि युरोप यांच्यात मोठा वाद झाला. हॉलंडमधील चाचणीत आरंभी विस्तृत शस्त्रक्रियेने मृत्यूच जास्त झाले, पण पंधरा वर्षांनी हिशेब केला तेव्हा, २०१० साली, त्या गटात कर्करोगाने मेलेले कमी निघाले. २००६ आणि २०१९ सालच्या युरोपीय चाचण्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमोथेरपी दिल्यास आयुष्य वाढते, असे दाखविले. २०१० साली विशिष्ट प्रकारच्या गाठींवर ट्रास्टुझुमॅब आणि पुढे प्रतिकारशक्तीला जागविणारी औषधे यांची भर पडली. पसरलेल्या रोगात यांतून मिळणारी वाढ बहुधा महिन्यांची असते. त्या महिन्यांची किंमत मी कमी लेखत नाही, घरच्यांना विचारावे. पण आरंभी सापडलेल्या रोगात मिळतात ती वर्षे.

मग सरसकट सर्वांची एंडोस्कोपी करावी काय? जपान आणि कोरिया करतात, कारण तेथे रोगच तेवढा आहे. आपल्या भागात ते परवडणारही नाही आणि उचितही ठरणार नाही. मात्र बार्शीचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंदी घेत आणि जाता जाता लक्षणे सांगत, तपासणीला या म्हणत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा आरंभीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नवे नव्हते, औषध नवे नव्हते. असा कार्यकर्ता जठराविषयी काय सांगेल? पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेले अजीर्ण, कारणावाचून उतरणारे वजन, गिळताना अडणे, वारंवार ओकारी, डांबरासारखी काळी शौचास होणे, पुरुषात किंवा वयस्क स्त्रीत कारण न सापडणारा रक्तक्षय : यांपैकी काही असेल तर दुर्बिणीने पाहून अस्तराचा तुकडा तपासावा. आणि आणखी एक गोष्ट तो आग्रहाने सांगेल. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कर्करोगाच्या व्रणालाही काही काळ उतार पडलेला दिसतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून घेतलेल्या त्या गोळ्यांवर कित्येकांचे सहा-सहा महिने जातात, आणि नेमके तेच महिने मोलाचे असतात.

घराण्याचा प्रश्न उरला. २०२० साली कोरियात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालेल्या माणसांना जंतुनाशक उपचार दिल्यावर त्यांच्यातील रोगाचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. हा पुष्कळांना लागू पडणारा आणि स्वस्त उपाय आहे. रोग खरोखर रक्तातून उतरणारी घराणी थोडी असतात. न्यूझीलंडमधील एका माओरी कुळात पिढ्यान्पिढ्या तरुण माणसे या रोगाने जात होती. त्या कुळातील लोकांनी स्वतः पुढे होऊन ओटागो विद्यापीठातील संशोधकांना गाठले, आपली वंशावळ त्यांच्यापुढे मांडली, रक्ताचे नमुने दिले. १९९८ साली पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. या प्रकारात गाठ न होता रोग अस्तराखाली पसरतो, त्यामुळे दुर्बिणीलाही तो सहज दिसत नाही. आज त्या कुळातील तरुणांना रक्ताची तपासणी करून घेता येते. ज्यांच्यात दोष निघतो त्यांतील अनेक जण निरोगी असतानाच संपूर्ण जठर काढून घेतात आणि दिवसातून सहा वेळा थोडे थोडे जेवून, ठरल्या वेळी बी-१२ची सुई घेऊन, आपापल्या कामाला जातात.